पहिलं बरं की दुसरं?

प्रिय ढापण्या,

तुझा मेसेज पोचला. एकच प्रश्न आणि पर्याय दोन, अगदी आपल्या धंद्याला शोभेल असा. उत्तर देणार आहे. पण पेशंट आल्या आल्या कुणी त्याला चष्म्याचा नंबर सांगत नाही; आधी बसवतात, इकडचं तिकडचं विचारतात. तसा तूही जरा बस. मेसेजचं उत्तर पत्राने आलं म्हणून हसू नकोस. फोनवर लिहायला घेतलं की मी खोडतच बसते.

इथलं सांगायचं तर मी वर्गातली मावशी आहे. खरंच, तेच नाव पडलंय. आजूबाजूची पोरं शाळेतून थेट आलेली आणि मी डोळे तपासण्याची डिग्री घेऊन, तुझ्याबरोबर चष्म्याचं दुकान थाटून, मग कॉम्प्युटर शिकायला आलेली. त्या पहिल्या डिग्रीचा इथे उपयोग एवढाच, की कुणाच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की माझ्याकडे पळत येतात. बाबा फोनवर अजून ऐकवतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" त्यांच्या काही हे गळी उतरत नाही. तुझ्या मात्र उतरलं होतं. दुकानात नंबर काढणारं मशीन आलं, तेव्हा ते कुठे ठेवायचं याची तुला काळजी आणि ते आतल्या आत ठरवतं तरी कसं याची मला. आठवडाभर माझी टकळी ऐकून शेवटी तूच म्हणालास, "भिंगरी, जा बाई शिकायला. नाहीतर एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं पोट फाडशील."

मी निघाले त्या दिवशी तू मला पेशंटच्या खुर्चीत बसवलंस. नाकावर ती जड ट्रायल फ्रेम चढवलीस, समोर अक्षरांचा तक्ता, आणि उगाचच भिंगं बदलत गंभीर आवाजात विचारलंस, "पहिलं बरं की दुसरं? आधी लग्न, की आधी डिग्री?" मी म्हणाले, "सारखंच." तू हसलास, फ्रेम काढलीस आणि माझी बॅग उचललीस. नाकावरचे वळ जाईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते.

मध्यंतरी सरांनी एक प्रोग्रॅम लिहायला दिला होता. दोन-दोन चित्रं दाखवायची, कुठलं जास्त आवडलं ते विचारत जायचं आणि शेवटी माणसाच्या सगळ्यात आवडीचं चित्र शोधायचं. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच! मी झटक्यात लिहून टाकला. सरांनी चालवून बघितला, एका जोडीला "सारखंच" असं उत्तर दिलं, आणि माझा प्रोग्रॅम तिथेच थांबून म्हणाला, "उत्तर सापडलं." सर म्हणाले, "अहो, सारखंच म्हणजे त्याला ठरवता येत नाहीये. पुढे विचारायला नको का?" अख्खा वर्ग हसला. मी त्यांना सांगत बसले, की डोळे तपासताना पेशंट "आता दोन्ही सारखंच दिसतंय" म्हणाला, की आपण भिंग फिरवायचं थांबवतो. नंबर बरोबर लागला, याची तीच तर खूण. सर म्हणाले, असेल, पण बाकीची दुनिया तसं बोलत नाही. मला वाटलं, नसेना का. एक माणूस तरी बोलतो.

म्हणून तुझा मेसेज वाचला तेव्हा तुझ्या लग्नाच्या बातमीपेक्षा शेवटची ओळ जास्त लागली. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या चित्रकलेच्या बाई आणि तू. चांगल्याच असणार त्या, तू निवडलेल्या. पण पुढे लिहिलंस, "दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतोय. तुझं नाव ठेवू की काढू? तुला काय म्हणा, तेव्हाही सगळं सारखंच होतं." अरे ढापण्या, आपण एकाच बाकावर बसून शिकलो ना रे? मी "सारखंच" म्हणाले, म्हणजे नंबर लागला होता. लग्न आधी काय आणि डिग्री आधी काय, दोन्हीकडे तूच होतास आणि मला अगदी स्वच्छ दिसत होतास. हे सगळ्या दुनियेत ज्याला सांगायला लागू नये, असा माणूस एकच होता. फार दुखतंय रे. पण तू विचारलंस, आणि या खेपेला मी कुणालाही कळेल असंच बोलणार आहे: दुसरं. माझं नाव काढ. रंगाऱ्याला तेवढं सांग, की आधी नीट खरवडून घे. नुसता वरून रंग मारला, तर जुनी अक्षरं खालून वाचता येतात, अगदी तू चष्मा काढलास तरी.

तुझीच होते ती,
भिंगरी