टाकीच्या वाट्याची मेमरी

३ मार्च, सोमवार
कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर पुन्हा अडकला. ऑपरेटर ताई म्हणाल्या, चहा पिऊन परत आले तरी पडद्यावर टाकीतलं पाणी होतं तिथेच. पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटरचा इनचार्ज मी एकटा, त्यामुळे साहेबांचं बोलावणं मलाच. म्हणाले, काय करायचं ते करा, पण टाकीचा प्रोग्राम थांबता कामा नये. काय करायचं ते करा! म्हणजे पूर्ण अधिकार. वाक्याचा उरलेला भाग तपशिलाचा.

४ मार्च
दिवसभर वाचन. रोगाचं मूळ सापडलं. एका कॉम्प्युटरवर टाकीचा, नकाशांचा आणि रिपोर्टचा असे तीन प्रोग्राम, आणि जो तो हाताला लागेल तेवढी मेमरी ओढतो. प्रत्येकाला मर्यादा घालून देता येते. प्रोसेसरची मर्यादा गाठली तर प्रोग्राम रखडत चालतो. मेमरीची ओलांडली तर सिस्टिम त्याला सरळ बंद करते. ना नोटीस, ना सुनावणी. आमच्या खात्यात अशी पद्धत असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

५ मार्च
कोण किती खातो हे बघायला स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. नाव 'पहारेकरी'. दर सेकंदाला सगळ्यांची नोंद घेतो. बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, घरातल्या गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, त्याची नोंद कोण घेणार? विषय समजून न घेता बोलायची सवय.

६ मार्च
मर्यादा लागू. टाकीचा प्रोग्राम काल दुपारी जेवढं खात होता, त्यावर थोडं जास्त धरून त्याचा वाटा ठरवला. आधी दुसऱ्या मशीनवर प्रयोग करा असं पुस्तकात दिलंय. दुसऱ्या मशीनवर प्रिंटर ठेवलेला आहे. कोण उचलणार?

८ मार्च, शनिवार
कॉम्प्युटर जरा हलका वाटतोय. ताईंना विचारलं. म्हणाल्या, आहे तसाच आहे. पण त्यांच्या आवाजात समाधान होतं. साहेब 'बरं' म्हणाले. ते सहसा एवढंही म्हणत नाहीत.

१० मार्च
रिपोर्टचा प्रोग्राम दोनदा बंद पडला. टायपिस्ट अर्धाच छापलेला रिपोर्ट घेऊन दारात उभी. मी तिला शिस्तीचं महत्त्व सांगितलं. ती साहेबांकडे निघाली, तेव्हा अपवाद म्हणून वाटा वाढवून दिला. कुठून आणायचा? टाकीच्या प्रोग्रामकडून घेतला. तो काही बोलत नव्हता.

११ मार्च
नकाशेवाल्याचे नकाशे उघडत नाहीत. तो माझ्या मेहुण्याचा शाळासोबती, त्यामुळे तत्त्वाला थोडी मुरड. पुन्हा टाकीकडूनच घेतलं. तरी बिचारा गुपचूप चालतोय. इतका समजूतदार प्रोग्राम मी पाहिला नाही. खात्यातल्या माणसांनी त्याच्याकडून शिकावं.

१३ मार्च
कॉम्प्युटर पुन्हा अडकू लागला. पहारेकऱ्याच्या यादीत सगळ्यात जास्त कोण खातो ते पाहिलं. पहारेकरी. शंका नको म्हणून पुन्हा पाहिलं. पहारेकरीच. बहुतेक सगळ्या नोंदी तो मेमरीतच साठवत असावा. त्याला मर्यादा घालायचा विचार आला, पण देखरेख करणाऱ्याचे हात बांधून कसं चालेल? शेवटी मार्ग काढला. यादीत त्याचं नाव दिसणार नाही अशी व्यवस्था केली. यादी लगेच आटोपशीर झाली.

१५ मार्च, शनिवार, सकाळी
ताईंचा फोन. टाकीचा प्रोग्राम बंद पडला. आठवड्याच्या पाण्याची बेरीज तो शनिवारी सकाळी करतो, आणि तेव्हा त्याला जास्त मेमरी लागते. ही माहिती मला आज मिळाली. टाकी भरली की पंप थांबवणं हेही त्याचंच काम. पडद्यावर टाकी बंद पडतानाच्या नोंदीप्रमाणे अर्धीच दिसत होती, प्रत्यक्षात काठावरून वाहत होती. ताईंनी पंपावर फोन करून तो हाताने बंद करवला, तोवर उतारावरचा रस्ता ओढ्यासारखा झालेला.

त्याच दिवशी, दुपारी
उताराच्या पायथ्याशी सुताराचं वर्कशॉप. अंगणात पॉलिश करून वाळत ठेवलेले दरवाजे पाण्यात. सोमवारी ते एका नव्या दवाखान्यात बसवायचे होते. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि त्याच्याबरोबर एकेक दरवाजा उचलून आत नेला. पॉलिश बोटांना लागत होतं. तो म्हणाला, "तुम्ही पाण्याच्या ऑफिसातलेच ना? मग हे झालं तरी कसं?" मी म्हणालो, चौकशी चालू आहे. त्याने मान हलवली, आतून टॉवेल आणून दिला. म्हणाला, तुमच्या ऑफिसातून कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. पाय पुसायला वेळ लागला. खाली बघून करायचं काम होतं, म्हणून बरं.

१७ मार्च
साहेबांच्या खोलीत मी आणि ताई. साहेबांनी विचारलं, "टाकीच्या प्रोग्रामची मेमरी कुणी कमी केली?" मी म्हणालो, सिस्टिममध्ये असे बदल होत असतात. साहेबांनी विचारलं, पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? फक्त माझ्याकडे. सुरक्षेसाठी ही व्यवस्था मीच केली होती. मग मी म्हणालो, "मी केली." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. दवाखान्याला उशिराबद्दल साहेब स्वतः फोन करणार आहेत. सुताराकडे मी जायचं, आणि खरं काय ते सांगायचं.

१८ मार्च
सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पॉलिशपेपर हातात दिला. आता आठवडाभर संध्याकाळी तिथेच. हात दुखतात. बायकोने विचारलं, तेव्हा सांगितलं, जनसंपर्काचं काम वाढलंय. ती म्हणाली, सुतारीणबाई आत्ताच येऊन गेल्या.

२१ मार्च
सगळ्या मर्यादा काढल्या. पहारेकरी पुसून टाकला. ३ तारखेला कॉम्प्युटर जसा अडकत होता तसाच आता अडकतो. नवीन मेमरी मागवली आहे. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे हे पहिल्याच दिवशी सुचायला हरकत नव्हती. नवा नियम: माझा पासवर्ड ताई शेजारी असतानाच वापरायचा. हा माझ्यावरच्या जबाबदारीचा गौरवच म्हणायचा. आज दुपारी कॉम्प्युटरसमोर बसलो, तर ताई जेवत होत्या. थांबलो. त्या सावकाश हात धुऊन आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, काय करायचंय? मी म्हणालो, काही नाही, नुसतं बघायचं होतं.

"मग बघा," त्या म्हणाल्या, आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.