व्याह्यांसाठी तळलेले जवसाच्या तेलातले वडे

मु. कोंढा

ती. शकुनबाईस,

धाकट्या सुखरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत. (फोनच केला असता, पण तुझी भावजय केशरबाई शेजारी बसून सगळं ऐकते.)

बाई, यंदा जवस असा आला की धानाच्या बांधीकडे बघून मलाच माझा हेवा वाटला. धान कापायच्या आधी उभ्या पिकात, चिखलातच बी फेकलं होतं. पुढे ना नांगर, ना पाणी. घाण्यावरून तेल घेऊन आलो आणि त्याच संध्याकाळी आपल्या वीरेंद्रचे सासरे, नाशिककडचे पुंडलिकराव, पहिल्यांदाच आपल्याकडे आले. केशरबाई सूनबाईला घेऊन आंधळगावला माहेरी गेलेली. पाहुण्याला हॉटेलातलं खाऊ घालायचं म्हणजे घरच्या तेलाचा अपमान. लुंगी खोचली आणि उडदाचे वडे तळायला बसलो. (डाळ केशरबाई वाटून ठेवून गेली होती, तेवढं श्रेय तिला.)

तेल कढईत, वडे तेलात आणि वास घरभर. पुंडलिकराव नाक वर करून म्हणाले, "घराला नुकताच रंग दिलेला दिसतो." मी म्हणालो, हो, खास तुमच्यासाठी. (जवसाचं तेल रंगातही घालतात, तापलं की तोच वास. आपल्या भिंती तू पाहिल्याच आहेस. लाइट गेली होती म्हणून निभावलं.) वडा त्यांनी एकच खाल्ला, तोही पाण्यासोबत. मग मोबाइलवर वाचलेलं सांगू लागले की जवस मुळात आपला नाहीच, पार पश्चिम आशियाकडून आला. तिथे मात्र मी ऐकून घेतलं नाही.

"आला असन तिकडून, व्याहीबुवा," मी म्हणालो. "पन बांधीत पानी न मागता जगाले त्याले आमीच शिकवलं."

आणि गरम भातासोबत भाजलेल्या जवसाची चटणी वाढली, वरून कच्च्या तेलाची धार. पातेलं रिकामं झालं तरी त्यांचं बोट ताटातून निघेना. अशी चटणी आमच्याकडे नाही, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. बाई, त्या रात्री मी फार अभिमानाने झोपलो.

दाजींना नमस्कार, तुझ्या योगेंद्रला मामाचा आशीर्वाद.

तुझा भाऊ (आणि आता आचारीसुद्धा),
सुखराम

ता. क. पुंडलिकराव अक्षय तृतीयेला विहीणबाईंना घेऊन चटणी खायला येताहेत आणि मी भरीत भर वडेही कबूल करून बसलोय. तू आधीच ये. आई तेल कढवून त्याचा वास कशी काढायची, ते तुलाच ठाऊक. केशरबाईला विचारलं तर वड्यांचं सगळं बाहेर येईल.

आणखी एक. योगेंद्रला ब्रश घेऊन सोबत आण. विहीणबाई दिवसाउजेडी येणार आहेत. रंगात घालायला तेल घरचंच आहे.