मंद उजेडाची बेरीज

प्रिय ताई,

या सुट्टीत येऊ नकोस, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर शेवटी देतो. हे पत्र तुझ्या शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर का पाठवलं, तेही तिथेच कळेल. आधी माझी फजिती ऐक.

अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेली चित्रं आमच्याकडे येतात. त्यांतले डाग, ओरखडे शोधून झाकायचे, एवढंच माझं काम. दहावीही न झालेल्या माणसाला ते मिळालं, म्हणून मी जरा जास्तच जपून करतो. फार जुन्या, फार दूरच्या दीर्घिकांभोवती, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांभोवती, मला कधीकधी पुसटसं काहीतरी दिसे. काच मळली असेल, असं समजून मी तेही झाकत गेलो. एक्केचाळीस चित्रं! आमच्या प्रमुख मॅडमनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अहो टापटीपराव, ज्याच्यासाठी दुर्बीण वर पाठवली तेच पुसलंत की! मूळ चित्रं शाबूत असतात, म्हणून नोकरी वाचली.

ते पुसटसं म्हणजे हायड्रोजन वायूचा उजेड. दीर्घिका नव्या होत्या तेव्हा त्यांना वेढून असलेला. एकट्या चित्रात तो खरा की भास, हे मॅडमनाही सांगता येत नाही. म्हणून शेकडो चित्रं नेमकी एकावर एक ठेवायची. खोटे ठिपके दर चित्रात वेगळ्या जागी असतात, ते विरून जातात. खरं असेल ते साचत जातं. काल मी झाकलेलं सगळं उघडून आम्ही ती बेरीज केली, आणि पडद्यावर हळूहळू एक कडं उमटलं. हातातला चहा गार झाला. ते आणखी किती लांब पसरलं असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

घरी येऊन तुझी या वर्षीची नऊ पत्रं तारखेप्रमाणे लावली. प्रत्येकात 'सगळं ठीक'. एकात चष्मा फुटला. एकात शिवणवर्ग सोडला. एकात मनगट दुखावलं, म्हणून अक्षर वाकडं. मग पुन्हा चष्मा. दाजींचं नाव तर चौथ्या पत्रापासून नाहीच. सुटं सुटं वाचताना दर वेळी म्हटलं, असेल काहीतरी. नऊ वेळा झाकलं मी, ताई.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. काही सांगितलं नाहीस तरी चालेल, फक्त एक पिशवी भरून काकूंकडे ठेव. दाजींच्या हाती पडू नये, म्हणूनच हे पत्रही त्यांच्याकडे पाठवलंय. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. दोनदा मोजून पाहिलंय.

तुझाच,
उशिरा बेरीज करणारा धाकटा