आयो पळाला की पळाली

३ मार्च, ब्रिस्टल
टोलू चहाला आली. तिच्या इंग्रजी कादंबरीचा माझा मराठी अनुवाद संपला एकदाचा, म्हणून उत्साहात पहिलं पान वाचून दाखवलं. नायजेरियातलं आठ वर्षांचं पोर, आयो, काकाकडे कामाला धाडलेलं. गोष्ट तेच सांगतं. टोलूला मराठीचं ओ की ठो कळत नाही, तरी विचारते, ‘हे सारखं लो, लो काय येतंय?’ म्हटलं, अगं, गेलो, पडलो, मुलगा आहे ना.
कप खाली ठेवला तिने. ‘आयो मुलगा आहे हे तुला कोणी सांगितलं?’

४ मार्च
सकाळीच पुस्तक पुन्हा चाळलं. इंग्रजीत सगळं ‘आय’, ‘आय’. आयो झाडावर चढतं, मारामाऱ्या करतं, म्हणून मी बथ्थड, मुलगा ठरवून मोकळी. बाई असून!
टोलूचा फोन. तिच्या भाषेत तो-ती भानगडच नाही म्हणे. ‘आमच्या कादंबऱ्यांत मुलगा दिसला की वाचक म्हणतात, शिकेल, मोठा होईल. मुलगी दिसली की तिच्या अंगाला कोण हात लावणार याचीच वाट बघतात. मला नुसतं मूल हवं होतं.’
चिडली असती तर परवडलं असतं.

५ मार्च
पुण्याला फोन, संपादक मेधाताईंना. सोमवारी फाइल छपाईला जाणार. ‘अहो, मुलगाच राहू द्या. वाचकाला काय फरक पडतो?’ मला पडतो ना! तोंडातून मात्र ‘बघते’ एवढंच निघालं.

६ मार्च
ऑफिसला दांडी. लो-ले टाळत बसलेय. ‘मी पाहिलं’, ‘मी खाल्लं’ चालतं. ‘मी जाई, मी येई’ केलं तर आयो एकदम सत्तरीचं वाटायला लागलं. नवरा म्हणतो, ‘गेलो, तिरकी रेघ, गेले. हाय काय, नाय काय.’ सरकारी फॉर्म आहे का हा? ओरडलेच. बिचारा भांडी घासायला गेला.

८ मार्च, दुपार
बाकी जमलं. शेवटचं वाक्य अडलंय. दार उघडं, काका पाठमोरा, आणि आयो पळतं.
‘पळ काढला’ म्हणजे भित्रं. ‘धूम ठोकली’ खोडकर. ‘घर सोडलं’, पण ते घर होतंच कधी? ‘मी पळेन’मध्ये मुलगा की मुलगी कळत नाही, पण मग पोर दारातच राहतं.
टोलूला विचारलं. म्हणाली, ‘काहीही कर, पोराला बाहेर काढ.’
मेधाताईंचा मेसेज, सकाळी हवंच.
‘मी पळाले’ लिहून पाहिलं आणि धस्सकन झालं. रस्त्यावर एकटी पोर, कुठे जाईल, कोण भेटेल.
‘पळालो’ लिहिलं होतं तेव्हा हे मनातसुद्धा आलं नव्हतं.