बाबागाड्यांच्या छपराविषयी माझी शेवटची इच्छा

मी, एइविंद हाउगे, वय सत्तावीस, शिक्षण नऊ इयत्ता, राहणार स्तुरहोल्मेन बेट, येत्या मंगळवारी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेला जात आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा तसा दाखला मागून घेऊन सोबत जोडला आहे. हे कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. दडपण आले होते, मी मानले नाही.

१. मासळीच्या कारखान्यातील माझा अर्धा हिस्सा मी कापणीच्या टेबलाच्या मुकादम ओडनी ब्रेक्के यांना देतो. उरलेला अर्धा माझा थोरला भाऊ तुर्गाइर याचा आहे.

२. दक्षिणेच्या भिंतीलगतचे छप्पर माझ्या हिश्शात धरावे. त्याखाली कामावरच्या बायकांची तान्ही मुले बाबागाडीत झोपतात, बर्फातही; उबदार गुंडाळून बाहेरच झोपवायची आमच्याकडे रीत आहे. प्रत्येक गाडीपासून एक दोरी खिडकीतून आत येते आणि टेबलावर त्या-त्या आईसमोरच्या घंटीला बांधलेली असते. बाळ जागे होऊन गाडी हलली आणि घंटी वाजली की त्या आईने सुरी ठेवून जायचे, पाजायचे, सावकाश परत यायचे. पगार कापायचा नाही. तुर्गाइरला तिथे रिकामी खोकी रचायची आहेत. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "इथं मासे कापायचेत की पाळणाघर चालवायचंय?"

मी म्हणालो, "दोन्ही. आणि दादा, या सगळ्या सुऱ्यांना धार मी लावतो, जरा जपून."

बायका हसल्या. तो अजून हसलेला नाही.

३. माझी चूक नोंदवतो. ओडनीताईंना दिवस गेल्याचे कळताच मी त्यांना न विचारता टेबलावरून उठवले आणि वर खोकी दुमडायला बसवले. ओली फरशी, गार पाणी. माझाच जीव घाबरला होता. तिसऱ्या दिवशी त्या जिना उतरून आल्या. "पोट वाढलंय माझं, डोकं नाही गेलं. आधी विचारायचं ना रे." मग त्यांनीच सांगितले: उंच स्टूल, पायाखाली रबरी चटई, तासाला दहा मिनिटे विसावा, जड पेट्या दुसऱ्याने उचलायच्या. हे सर्वांना लागू राहील, पण प्रत्येकीला विचारून. रजेवर गेलेल्या बाईची जागा आणि सुरी तिचीच राहील.

४. बँकेत जे आहे ते छपराच्या नव्या पत्र्यांना.

५. तुर्गाइरला माझी होडी आणि आईचा कामाचा एप्रन. एप्रनच्या नाड्या त्याने नीट पाहाव्यात. तीनदा जोड देऊन वाढवल्या आहेत. कामावरून काढतील म्हणून सातव्या महिन्यापर्यंत पोट लपवून आई याच टेबलाशी उभी राहिली. त्या एप्रनच्या आत तो होता, मी नव्हे.

६. तो म्हणतो, जी वर्षभर रजेवर जाणार तिच्या हाती कारखाना देणे हा वेडेपणा आहे, मी कोर्टात जाईन. जरूर जावे. मी फोन करून चौकशी केली आहे. आपल्या भागाच्या न्यायाधीशबाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, ऑगस्टमध्ये रुजू होतील. त्यांची खुर्ची कोणी घेतलेली नाही. तोवर थांबावे.

शब्दकोश शेजारी ठेवून दोनदा तपासले. खाडाखोड नाही.

एइविंद हाउगे (सही)

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.
गुनवोर सान्दे, शिक्षिका (सही)
लाइफ ओमुत, फेरीबोटीचे चालक (सही)

स्तुरहोल्मेन, १४ मार्च २०१९