सोळा भागांचं भांडण

॥ श्री ॥
घरून, ता. ५ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र अशासाठी की फोनवर तू मले पूरं बोलूच देत नाहीस. ड्यूटी आहे म्हणून मधातच कापतेस. कागद कापता येत नाही. दोनदा वाच.

इकडे सगळे ठीक. हलका धान कापून-चुरून झाला, भारी अजून शेतात उभा आहे. ह्यांचे गुडघे दुखून राहिले, पण तोंड चांगलं चालते.

आता मुद्द्याचं. अर्जुनीचे पाव्हणे महिनाअखेरपर्यंत होय का नाही ते सांगा म्हणून राहिले. पोरगा शिक्षक आहे, घरी दोन म्हशी, सासू गरीब स्वभावाची. अन् तू? तू योगराजचं नाव धरून बसली. दसऱ्यापासून त्यानं तुले ना फोन केला ना मेसेज, तरी तू म्हणतेस, काहीतरी कारण असेल, तो येईल. कायले येईल? हे खूळ त्या कोरियन मालिकेनं भरवलं तुझ्या डोक्यात. ओठाले लाली लावलेले पोरं पाहून पाहून तुले खरा माणूस ओळखू येईना झाला.

अन् पोरगा कोणाचा, तर उदारामचा! ज्यानं दुष्काळात आपल्या तलावाचा तुडूम, पाणी सोडायचं दारच, फोडून सगळं पाणी स्वतःच्या धानाच्या बांधीत नेलं. तुझे मायबाप गेल्यावर तुले मी वाढवली ती त्या घरात द्याले नाही. उत्तर लवकर धाड. माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
यशोदा

गोंदिया, ता. १० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास चेतनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा काय, चारदा वाचलं. वॉर्डातल्या सिस्टर लोकांनाही वाचून दाखवलं, सगळ्या हसून राहिल्या. काकांच्या गुडघ्यांना पाठवलेला मलम लावून राहिलीस ना?

मालिकेत दोष नाहीत असं मी कधी म्हटलं? पाऊस बरोबर रडायच्या वेळीच येतो. ती पोरगी फुटपाथवर सूप विकते अन् रोज नवीन स्वेटर घालते. त्या पोराच्या बापाची एवढी मोठी कंपनी, पण ऑफिसात काम करताना कोणी दिसत नाही. मला ते सगळं समजते, मी काही दुधखुळी नाही.

पण आत्या, तो पोरगा तिला विचारतो. थकलीस का, जेवलीस का, तुला काय वाटते? आपल्याकडे पोरीला काय वाटते हे कोण विचारते? योगराज विचारायचा. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात तो फिटर, हप्त्यातून एक सुट्टी, तरी रविवारी यायचा. उकडलेले शिंगाडे आणायचा अन् माझी नखं काळी होतील म्हणून स्वतः सोलून द्यायचा. असा माणूस सहज तोंड फिरवत नाही. काय झालं ते कळल्याशिवाय मी अर्जुनीला होय म्हणणार नाही.

अन् न पाहता नावं ठेवणं बंद कर. हिंदीत आहे, शेजारची निशा लावून देईल. सोळा भाग पाह्य, मग भांड. आशीर्वाद कमी करू नकोस.

तुझी,
चेतना

॥ श्री ॥
घरून, ता. १९ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना हिस आशीर्वाद, अन् त्याच्यावर एक धपाटा.

पाहली. सोळाच्या सोळा पाहली. आठ दिवस दुपारचं लवंडणं सोडलं, वाती वळायच्या राहून गेल्या. निशाची माय म्हणे, यशोदाबाईले काय झालं!

आता ऐक. पयली गोष्ट, हात धराले त्यायले नऊ भाग लागले. आपल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात एवढा उशीर केला तर लोकं खुर्च्या फेकतील. दुसरी, ती पोरगी एका पावसात भिजली अन् तीन दिवस बेशुद्ध! आपल्या बाया रोवणीत महिनाभर कमरेत वाकून भिजतात, कोणाले शिंक येत नाही. तो पोरगा तर अगा माय! दर भागात खिडकीतून बाहेर पाहते. बाहेर आहे तरी काय एवढं? अन् शेवटी सगळे एकमेकाले माफ करतात, जसं काही कोणी काही केलंच नाही. एकदम खोटं.

चांगलं म्हणशील तर जेवण चांगलं दाखवते. म्हाताऱ्यायले दोन्ही हातानं वाढतात, ते मले आवडलं.

अन् साऱ्या मालिकेत अकलेची बाई एकच, त्या पोराची माय. तिले तुम्ही पोरी काऊन शिव्या देता? बाराव्या भागात ती त्या पोरीले भेटाले जाते, पोराचा नाद सोड म्हणते, त्यात वाईट काय? आवाजही चढवत नाही. समजावून सांगते का बाबा, दोन घरायचं जुनं वैर आहे, माझ्या लेकराले तिथं सुख लागणार नाही. समोरचा मान खाली घालून ऐकते, पोह्याच्या प्लेटीले हात लावत नाही, रुमालाच्या चार घड्या करून कपाळ पुसते अन् तुमचं खरं आहे म्हणते. त्या घडीले तिलेही वाईट वाटते. पण मायेच्या माणसाले कठोर व्हावंच लागते. हे तुले आज नाही कळणार.

आता पाव्हण्यायले होय कळवू ना? अशीच आमच्यावर जीव ठेवून राह्य.

आत्या

गोंदिया, ता. २३ नोव्हेंबर २०२५

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी बारावा भाग पुन्हा पाह्यला. त्यात ती पोरगी मान खाली घालत नाही. पळी आपटते अन् त्या बाईला टपरीबाहेर काढते. दोन घरांचं जुनं वैर त्या मालिकेत कुठंच नाही.

अन् कोरियात पोहे कुठून आले, आत्या?

रुमालाच्या चार घड्या करून कपाळ पुसणारा एकच माणूस मला माहीत आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू डोळे तपासायला तिरोड्याला गेली होतीस. मग चष्मा जुनाच कसा? त्याच दिवसापासून त्याचा फोन बंद झाला.

तू काय केलंस ते मला तुझ्या अक्षरात पाहिजे.

चेतना

॥ श्री ॥
घरून, ता. २६ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना हिस आशीर्वाद. घेशील तर घे.

होय, गेली होती. स्टेशनाजवळच्या टपरीवर त्याले बोलावलं. पोहे मीच मांगवले. त्याले म्हटलं, तुझ्या बापानं तुडूम फोडला त्या वर्षी माझ्या भावाच्या धानाचे कोवळे पऱ्हे जागच्या जागी वाळले. माझा भाऊ तलावाचा पाणकर, पाण्याची पाळी वाटून द्यायचं काम त्याचं. पाणी राखता आलं नाही म्हणून गावानं त्यालेच बोल लावला. तो मरेपर्यंत मग तलावाच्या बांधावर चढला नाही. त्याच्या लेकीनं उदारामच्या चुलीवर भाकर थापायची का? तो म्हणला, तुमचं खरं आहे. तिले भेटणार नाही, तिच्या भल्यासाठी हेच बरं, म्हणून शब्द देल्ला अन् उठून गेला.

मले वाटलं, पंधरा दिवस रडशील अन् विसरशील. मी तुझं वाईट करन का? राग धर, शिव्या दे, पण फोन उचल. तुझा आवाज नाही तर घर खायले उठते.

आत्या

गोंदिया, ता. ३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

शुक्रवारी सुट्टी टाकून तिरोड्याला गेली. योगराजला प्रकल्पाच्या गेटवर उभं केलं अन् विचारलं. तो म्हणाला, तुझ्या भल्यासाठी. तू पण तेच केलंस. दोघांनी मिळून माझं भलं टपरीवर ठरवून टाकलं अन् मी दोन महिने इथं सलाईन लावता लावता डोळे पुसत राहिली. एकालाही वाटलं नाही का, हिला एक शब्द विचारावा? त्यानं माफी मागितली. मी दिली नाही. तुलाही दिली नाही.

बाबाचं दुःख मला तुझ्याइतकंच माहीत आहे. पण तुडूम फुटला तेव्हा योगराज तिसरीत होता.

अर्जुनीच्या पाव्हण्यांना पत्र मिळताच नाही म्हणून कळव. येत्या रविवारी अकराच्या बसनं मी येते. त्यालाही यायला लावलं आहे, तो येईल. टपरीवर त्या दिवशी जे काही बोलले ते दोघांनी माझ्यासमोर पुन्हा बोलायचं, एक शब्द न गाळता. कोणी मान खाली घालायची नाही, कोणी रडायचं नाही. त्याच्याशी लग्न करीन का नाही, ते ऐकल्यावर मी ठरवीन. आजच्या घडीला मला तुम्ही दोघंही नकोसे झाले.

राग आहे तोवर नमस्कार दुरूनच. लोभ ठेव म्हणून लिहीत नाही. तो आहे, म्हणूनच एवढं लागलं.

चेतना