नववा रकाना

१२ मे २००७
शितलची बारावी झाली, निकाल यायचाय. पण घरात सगळे निकाल लागल्यावाणीच बोलत्यात. पायलट व्हणार. ह्यांनी आज नारायणगावला टमाट्याचा टेम्पो खाली करताना पण दोघातिघांना सांगितलं म्हणं. रस्त्यात गेलेल्या जमिनीचं पैसं पोरीच्या शिक्षणाला लावायचं ठरलंय. आख्ख्या राजुरीत आजवर कुणाची पोरगी...

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणल्या, "पायलट व्हती का कंडक्टर, सासरी भाकरी थापायचीच हाय."
शितल म्हणली, "आजे, पहिल्यांदा तुलाच बसवीन. फकस्त खिडकीतनं थुकायचं नाय."
सगळी हसली. आत्याबाई बी हसल्या. मी पण हसले.

ही वही शितलच्याच अकरावीची, मागची पानं कोरी हायेत. कुणाला सांगता येत नाय म्हणून लिवते. माझं सातवीपत्तोर झालंय.

१४ मे
दादा आला घोडेगावनं. पंचायत समितीत वीस वर्सं कागद हाकलेत त्यानं, फॉर्म भरण्यात माझ्या भावाचा हात धरणारं कोण नाय. दोन विमानशाळांचं फॉर्म आणलेत. एकीचं हापिस पुण्यात, विमानं तिकडं मध्यप्रदेशात. दुसरी दोन जिल्हे पलीकडं, फौजेतनं रिटायर झालेल्या एका साहेबांची.

दादा इंग्रजी वाचायचा आन मराठीत सांगायचा. उंची. चष्मा. मी चुलीपाशी. नववा रकाना: लहानपणी नायतर नंतर कधी फिट, आकडी, बेशुद्धी आली व्हती का.
शितल म्हणली, "नाय."
दादानं लिवलं, नाय. दहावा रकाना.

माझी भाकर जळाली. आत्याबाई म्हणल्या, "ध्यान कुठंय?"

१५ मे
लिवूनच टाकते. दोनदा आली.

पहिली दीड वर्साची आसताना, माझ्या माहेरी. तापानं फणफणली व्हती. डोळं पांढरं, दात आवळलेलं. माझ्या आईनं कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्या दिवशी अंगणात खेळत व्हती.

दुसरी अकरा वर्साची आसताना, हितं, आमच्या गोठ्यात. सकाळची येळ. मी धार काढत व्हते, ती वासरू धरून उभी. आधी तिचा उजवा हात उडाया लागला. मला वाटलं माशा हाकलतीय. मंग पडली. शुद्धीवर आली तवा म्हणली, "आई, मी झोपले व्हते का?" म्हणलं व्हय, उपाशी हायेस, चक्कर आली. फ्रॉकला शेण लागलेलं, लगेच धुऊन टाकला. हे मार्केटला, आत्याबाई देवळात. कुणाला काय कळलं नाय.

फकस्त आईला सांगितलं. आई म्हणली, "पोरीची जात हाय. हे तुझ्या आन माझ्या पोटात ऱ्हाऊ दे. आकडीवाली म्हणून नाव पडलं की दारात पावणा उभा ऱ्हायचा नाय."

आई गेल्या साली गेली. आता एकटीच्या पोटात हाय.

आकडी परत आली नाय. सहा वर्सं झाली. म्हंजी मी तरी बघितली नाय.

१९ मे
पुण्याला जाऊन आलो, मी, हे, दादा आन शितल. हापिस सगळं काचेचं. आत एवढं गार की मी पदर लपेटून बसले. टेबलावर खेळण्यातलं विमान. टाय घातलेला पोरगा लई गोड बोलतो. ह्यांनी डॉक्टरी तपासणीचं इचारलं, तर म्हणला, "मेडिकलचं टेन्शन घेऊ नका काका. आपले डॉक्टर आहेत, दहा मिनिटांचं काम. सगळीकडे नो लिहायचं. काय मॅडम?"
मला आजवर कुणी मॅडम म्हणलं नाय. मी मान हालवली.

जीव भांड्यात पडला खरं सांगायचं तर. बाहेर आल्यावर मीच म्हणलं, हीच शाळा बरी. हे खूश. "बघा, हिला पण पटली!"
येताना एस्टीत शितल माझ्या खांद्यावर झोपली. मी खेडपासनं नारायणगावपत्तोर तिचा उजवा हात धरून बसले. नुसता धरून.

२३ मे
आज दवाखान्यात सिस्टरबाईंना इचारलं. म्हणलं आमच्या निमगाव सावाच्या पावण्यांची पोर हाय, तिला आसं आसं झालं.
बाई गोळ्या मोजत व्हत्या. म्हणल्या, "तान्ह्या लेकराला तापात येते गं, पुष्कळांना येते. त्याचं काय नसतं. पण मोठेपणी बिनतापाची आली तर मेंदूची तपासणी करायची. ते डोक्याला वायरी लावून कागद काढत्यात, ते. पावण्यांना म्हणावं लपवू नका. विहिरीत पोहताना, चुलीपाशी, गाडीवर, एकटं आसलं की घात हाय."
मंग माझ्याकडं बघितलं. "किती वर्साची पोर?"
"अकरा."
खोटं बी नाय आन खरं बी नाय.

२७ मे
दादाच्या हट्टानं, निदान बघा तरी म्हणला म्हणून, दुसरी शाळा बघायला गेलो. उघडा माळ, पत्र्याची मोठी शेड, तीन विमानं. एवढुशी. आपला टेम्पो बरा, त्याला आरडाओरडा करायला क्लीनर तरी आसतो. आत दोनच खुर्च्या.

साहेब पांढऱ्या मिशांचे. आईबाप दोघं आल्याबिगर प्रवेशाचं बोलतच नायत. शितल त्यांना एकेक इचारत व्हती, वारा आडवा आला तर काय, इंजिन बंद पडलं तर काय. साहेबांना आवडलेली दिसली. हे लांबच उभं, त्यांना पत्र्याची शेड बघूनच नको झालं व्हतं.

एक विमान वर फिरत व्हतं. साहेब म्हणले, "ती नगरकडची मुलगी आहे. आज पहिल्यांदा एकटी गेलीय. शेजारी कुणी नाही."
मला तवर म्हाईतच नव्हतं. मला वाटायचं शिकवणारा शेजारी आसतोच, एस्टीच्या शिकाऊ ड्रायव्हरला आसतो तसा.
म्या इचारलं, "साहेब, वर गेल्यावर चक्कर आली तर?"
शितल म्हणली, "आई!"
साहेब हसले नायत. म्हणले, "म्हणून तर आमचा डॉक्टर मुलांना कमी विचारतो, आईला जास्त. मुलांना स्वतःचं लहानपण काय आठवतंय?"

ती पोरगी खाली उतरली तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शितलनं तर उड्याच मारल्या. माझं हात वर गेलंच नायत.

२८ मे
जेवताना म्हणलं, जुन्या साहेबांचीच शाळा.

हे म्हणले, "परवा काचेची चांगली व्हती. आज पत्र्याची?"
"तिथं नीट तपासत्यात."
"काय तपासायचंय? घोड्यावाणी पोरगी हाय."
दादा फोनवर, "अगं, तिथं नंबर लागायला वरीस जाईल. तुला कळत नाय त्यातलं, तू मधी पडू नको."
आत्याबाई म्हणल्या, "आमची सून म्हंजी एस्टीची पाटी. जाताना एक गाव, येताना दुसरं."
शितल ताटावरनं उठली. "आई, मी जाऊच नये आसं वाटतंय ना तुला? मंग सरळ सांग की. उगं ह्या शाळंचं त्या शाळंचं कशाला काढतीस?"

तोंड उघडलं आन पाणी वाढलं.

३० मे
सोमवारी हे पुण्याला जाऊन काचेच्या हापिसात नाव घालणार. चार दिस ऱ्हायलेत.

सांगितलं तर तिचं विमान गेलं. आन गावात कळलं तर लग्न बी गेलं. नाय सांगितलं तर... एकटी वर. उजवा हात उडाया लागला तर त्या हातात काय आसंल त्या येळी? साहेबांनी दांडा दाखवला व्हता, वढला की वर, ढकलला की खाली. कोणत्या हातात धरत्यात ते बघायचं ऱ्हायलं.

३१ मे
आज वाईट काम केलं. शितलचा जन्माचा दाखला लपवला. गादीखाली नाय, बाजरीच्या पिठाच्या डब्यात. दाखला नाय तर सोमवारी काम व्हणार नाय, एवढंच डोस्क्यात. सगळं घर उलटंपालटं झालं. शितल रडली, ह्यांनी तिलाच शिव्या घातल्या, "दाखला सांभाळता येईना, विमान काय सांभाळशील?"
ते ऐकवंना. दिवे लागायच्या टायमाला मीच काढून दिला, म्हणलं देव्हाऱ्यामागं पडला व्हता. शितलनं दाखल्यावरचं पीठ झटकलं, आन माझ्याकडं बघत ऱ्हायली. देव्हाऱ्यामागं कुठलं पीठ?

२ जून
सांगितलं.

परसातल्या बराखीत साठवलेलं कांदं निवडत व्हतो दोघीच. तिनंच काढलं, "दाखला तू लपवला व्हतास. का?"
मी खाली मान घालून सगळं बोलले. दीड वर्साचं, अकरा वर्साचं, आईनं काय सांगितलं ते, सिस्टरबाई काय म्हणल्या ते. तिच्या हातात सडका कांदा व्हता, तो तिनं टाकला नाय, धरूनच बसली. रस गळत व्हता बोटांवरनं.

"कोणता हात?"
"उजवा."
"किती येळ?"
"गाईनं बादली लाथाडली, दूध गव्हाणीपत्तोर गेलं, तेवढा."
"मिनटात सांग."
"मिनटात नाय येत मला, बाय."
"त्या टायमाला ताप व्हता?"
म्हणलं, "नाय वाटत."
"वाटत म्हंजी?"
"नव्हता."
मंग म्हणली, "मला कधी सांगणार व्हतीस?"
"लग्न झाल्यावर."
"म्हंजी नवऱ्याच्या घरात पडले आसते तर चाललं आसतं?"

कांदा तिनं भिताडावर एवढ्या जोरात मारला की कुत्रं उठून पळालं.

३ जून
सकाळपासनं बोलत नाय. च्या बी घेतला नाय माझ्या हातचा. गोठ्यात जाऊन उभी ऱ्हायली व्हती, जिथं पडली तिथं. मी दारातनं बघितलं आन मागं फिरले.

दुपारी ह्यांना म्हणली, "पप्पा, उद्याचं पुणं राहू द्या. मी जुन्या साहेबांकडंच जाणार."
हे माझ्याकडं बघून, "झाला का दोघींचा एक पक्ष? आता कारण तरी सांगा."
"तिथं शिकवत्यात चांगलं," शितल म्हणली. तिनं खरं कारण सांगितलं नाय. माझ्यासाठी नाय सांगितलं का तिच्यासाठी, ते कळलं नाय.

मंग साहेबांच्या शाळंचा फॉर्म घेऊन बसली. नवव्या रकान्यातलं दादाचं "नाय" खोडलं. दुसरं काय लिवलं नाय. मोकळाच ठेवला.

७ जून
निकाल लागला, फर्स्ट क्लास. हे पेढं घिऊन आले. आळीतल्या बाया दारात, "अगं ए पायलटच्या आई, तोंड गोड कर!" एकीनं तर शितलला म्हणलं, आमच्या घरावरनं जाताना हात हालव गं.
शितल म्हणली, "हालवीन की काकी. कोणता हालवू?"
बाया हसल्या. मी पेढ्याचं ताट घिऊन आत गेले.

८ जून
आज बोलली. भांडी घासताना माझ्या शेजारी यिऊन बसली. म्हणली साहेबांना फोन केलता दादामामाच्या हापिसातनं. मामाला बाहेर पाठवलं व्हतं. साहेबांना सगळं सांगितलं नाय, एवढंच म्हणली की नवव्या रकान्यात बोलायचंय. साहेब म्हणले सोमवारी डॉक्टरकडं या, आईला आणा.
म्या इचारलं, "नाय म्हणले तर?"
"तर नाय."
"मंग काय करशील?"
"ते तू नको इचारू आई. बाकी कुणी बी इचारू दे, तू नको."

तिच्या हातातलं ताट म्या घेतलं. तिनं घेऊ दिलं.

११ जून, सोमवार
शाळंच्या डॉक्टरांचा दवाखाना. बाहेर बाकड्यावर बसून लिवते. वही पिशवीत आणली, सगळं नीट आठवावं म्हणून. दादा खाली च्या प्यायला गेलाय, त्याला वाटतंय डोळ्याची तपासणी हाय. हे टेम्पो सोडून आले नायत, बरं झालं.

शितल पांढरा ड्रेस घालून आलीय. एस्टीत चारदा म्हणली, "जे झालं तेच सांगायचं. कमी नाय, जास्त नाय. तू खोटं बोललीस तर मी सोता सांगीन." म्हणलं व्हय. तिच्या तोंडाकडं बघून मला बी धीर आला. वाटलं ही पोरगी माझ्यापेक्षा मोठी हाय.

आत्ता शिपाई आला. म्हणला पहिल्यांदा फकस्त आईला बोलावलंय.
मी उठले. शितलनं मनगट धरलं. बोटं गार पडलेली. वर बघितलंच नाय तिनं, फरशीकडं बघत एवढ्या बारीक आवाजात म्हणली की मला वाकावं लागलं.
"आई, दुसऱ्या खेपेला थोडा तरी ताप आसंलच ना गं?"

शिपायाला म्हणलं दोन मिनटं द्या. परत बसले.

त्या सकाळी म्या तिच्या कपाळाला हात लावला व्हता. पण धार काढत व्हते, हात दुधानं वले, गरम. गरम हाताला कपाळ गारच लागणार. गार लागलं व्हतं. का मी नुसतं आसं

ती माझ्याकडं बघतीय आता. शिपाई परत आला.